अपील टाकलं म्हणजे स्टे मिळाला, असं नसतं

तालुक्याच्या कोर्टात किंवा तहसीलदारांपुढे निकाल विरोधात गेला की गावात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "काळजी नाही, वर अपील टाकलंय." अपील टाकलं म्हणजे खालचा निकाल आपोआप थांबला, असा समज अजून पक्का आहे.

कायदा नेमकं उलट सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४१, नियम ५ नुसार नुसतं अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात. पण तेवढ्या दिवसांत समोरचा हातावर हात ठेवून बसेल, असं कुठेही लिहिलेलं नाही. तो दरखास्त लावतो, बेलीफ बांधावर येतो, आणि अपिलाची पावती दाखवून बेलीफ माघारी जात नाही.

महसुली प्रकरणात अपिलाला मुदत जास्त आहे. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर जमीन महसूल संहितेनुसार ६० दिवस. पण तिथेही स्टे मागावाच लागतो, प्रांतसाहेब आपणहून देत नाहीत.

स्टे नक्की कशाला मागायचा, हेही समजून घ्यायला हवं. याचं सगळ्या राज्याने पाहिलेलं उदाहरण सावनेरचं. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या रोखे घोटाळ्यात २२ डिसेंबर २०२३ ला माजी मंत्री सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी गेली. जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला. कार्यकर्त्यांना वाटलं, सुटले. पण शिक्षा थांबणं वेगळं आणि दोषी ठरवल्याचा निकाल थांबणं वेगळं. दोषसिद्धीला स्थगिती द्यायला उच्च न्यायालयाने जुलैमध्ये नकार दिला. माणूस तुरुंगाबाहेर, पण २०२४ ची विधानसभा लढवता आली नाही. पत्नीला उभं करावं लागलं.

राहुल गांधींच्या बाबतीत उलट घडलं. ४ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने थेट दोषसिद्धीच थांबवली आणि तीन दिवसांत खासदारकी परत मिळाली. म्हणजे स्टेच्या अर्जातली एक ओळ पुढचं सगळं ठरवते. गावातल्या सरपंच-सदस्यांनीही हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता शेतरस्त्याचं बघू. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार अडवलेला रस्ता मोकळा करायचा आदेश देतात. हरलेला गडी प्रांतांकडे जाऊन स्टे आणतो. मग तारीख पे तारीख. इकडे ऊस तोडणीला आलेला, ट्रॅक्टर बांधापर्यंत जात नाही, वजन घटतंय, कारखान्याचा हंगाम संपत आलाय. स्टे हा न्यायासाठी असतो, पण अशा वेळी तो दुसऱ्याचं पीक वाळवायचं हत्यार होतो. हे बऱ्याच गावांत चालतं आणि त्यावर कुणी उघड बोलत नाही.

दिवाणी अपिलात स्टे देताना कोर्टाने तीन गोष्टी बघायच्या असतात. स्टे नाही दिला तर मागणाऱ्याचं मोठं नुकसान होईल का, त्याने अर्ज द्यायला विनाकारण उशीर केला का, आणि उद्या हरला तर भरपाईसाठी त्याने तारण दिलं का. पैशाचा हुकूमनामा असेल तर रक्कम कोर्टात भरायला सांगतात. ज्याच्या विरोधात स्टे मागितलाय त्याने या तीन मुद्द्यांवर तोंड उघडलं पाहिजे. तोडणीची तारीख, पिकाचा पंचनामा, फोटो, सगळं समोर ठेवावं. आणि स्टे लागलाच असेल तर तो उठवायचा अर्ज स्वतः द्यावा.

कारण तो आपोआप उठत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलं होतं की खटल्याला मिळालेला स्टे सहा महिन्यांनी आपोआप संपेल. तो नियम पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २९ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केला. तरीही "सहा महिने थांबा, उठेल" असा सल्ला अजून चहाच्या टपरीवर फुकट मिळतो.

दिवाणी प्रकरणात निकाल आपल्या बाजूने लागला की वरच्या कोर्टात कॅव्हेट टाकून ठेवता येतं. ते ९० दिवस चालतं. तेवढ्या काळात समोरचा स्टे मागायला गेला तर आपल्याला नोटीस आल्याशिवाय आदेश होऊ नये, हा त्याचा उपयोग. नव्वद दिवस झाले की नवीन टाकायचं.

आणि ज्याला स्टे मिळाला त्याने घरी येऊन पेढे वाटायच्या आधी आदेशाची नक्कल काढावी. दिवाणी अपिलात स्टे खालच्या कोर्टाला कळवल्यापासून लागू होतो. मंगळवारी मिळालेला आदेश शुक्रवारपर्यंत खिशात राहिला आणि गुरुवारी बेलीफने ताबा दिला, तर पुढचं भांडण ताबा परत मिळवण्याचं.