गुलदार निवतीला आणि सातपूर मालवणला

हवेचा दाब म्हणजे काय, हे नाशिकमधल्या सातपूरच्या माणसाला नव्याने शिकवावं लागत नाही. एमआयडीसीतल्या कुठल्याही शॉपमध्ये कॉम्प्रेसरची लाइन सहा-सात बारवर चालू असते आणि गेजचा काटा खाली आला की फिटर न सांगता उठतो. डिसेंबरात इथल्या अशोकनगरहून स्कुबासाठी निघालेली टेम्पो ट्रॅव्हलर रात्रभर धावून मालवणला पोचते. दांडी किनाऱ्यावरच्या होडीत बाकीचे पर्यटक सेल्फी काढत असतात, तेव्हा ही मंडळी सिलिंडरवरचा काटा वाचत उभी राहतात. दोनशे बार! मग प्रश्न येतोच, “आत ऑक्सिजन आहे ना?”

नसतो. आत साधीच हवा असते, गाळलेली आणि कोरडी केलेली. शुद्ध ऑक्सिजन पाण्याखाली सहा मीटरच्या पुढे माणसाला झटके आणू शकतो, म्हणून हौशी डाइव्हला तो कोणी देत नाही. सिलिंडरच्या तोंडाशी लावलेला रेग्युलेटरचा पहिला टप्पा दोनशेचा दाब दहाच्या आसपास उतरवतो आणि तोंडात धरलेला दुसरा टप्पा भोवतालच्या पाण्याइतका करतो. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका बारने वाढतो. त्यामुळे खोल गेलं की तेवढ्याच श्वासाला जास्त हवा लागते आणि काटा भराभर घसरतो. श्वास मात्र कधी रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते, ती कोंडली तर फुप्फुस फाटू शकतं.

आणखी एक सवय किनाऱ्यावरच सोडावी लागते. ‘सगळं ठीक’ म्हणून अंगठा वर करायचा नाही. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो आणि गाइड बिचारा खरंच वर आणतो. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की ठीक. दरवर्षी कितीतरी डाइव्ह या एका अंगठ्यापायी अर्ध्यावर संपत असतील.

खाली काय दिसतं? लक्षद्वीपच्या फोटोंवर पोसलेल्या डोळ्यांची निराशा होऊ शकते. मालवणचं पाणी गढूळ आहे. खाड्या आणि नद्या गाळ आणून ओततात. कधी आठ-दहा मीटरवरचं दिसतं, कधी आपल्याच हाताच्या पुढचं दिसत नाही. पावसाळ्यात तर जलक्रीडा बंदच असतात. तरीही सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत. पोराइट्स, टर्बिनेरिया, गोनिओपोरा अशी त्यांची नावं. गाळ सोसणारी, फारशी न मिरवणारी ही जात आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू झालं आणि १९८७ साली त्याच परिसरातला २९ चौरस किलोमीटरचा पट्टा मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मच्छीमारांचा त्याला विरोध होता, आजही आहे. रापणीचं जाळं ओढणाऱ्याला विचारल्याशिवाय समुद्रात रेघा मारल्या की असंच होतं.

या प्रवाळांना मारणारी मोठी गोष्ट आहे पाण्याचं तापणं. २०१४ ते २०१७ या काळात जगभर प्रवाळ पांढरे पडले, २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी तशीच चौथी जागतिक लाट जाहीर केली. छोट्या गोष्टी मात्र आपल्या हातातल्या आहेत: खडकावर टाकलेला नांगर, फोटोसाठी प्रवाळाला धरलेला हात, फिनचा फटका. सीझनमध्ये एकाच खडकावर होड्यांमागून होड्या लागतात, त्या गर्दीत कोण कोणाला सांगणार?

गर्दीची किंमत माणसांनीही मोजली आहे. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी वीस पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखाली सुखरूप राहून किनाऱ्यापाशी घात व्हावा! स्कुबाची चौकशी करताना आपण भाव विचारतो, व्हिडिओ फुकट आहे का ते विचारतो. होडीत माणसं किती घेणार आणि लाइफ जॅकेट आहेत का, हे प्रश्न मात्र मागे राहतात. तारकर्लीलाच पर्यटन महामंडळाची रीतसर स्कुबा शिकवणारी संस्था आहे, खास खोल बांधलेला तलाव आहे. पण सुट्टी चार दिवसांची, त्यातले दोन रस्त्यात, तेव्हा अर्ध्या तासाचाच स्कुबा बरा वाटतो.

आता या किनाऱ्यावर एक जहाज मुद्दाम बुडवण्याची योजना आहे. आयएनएस गुलदार हे पोलंडमधल्या गडिनियाला बांधलेलं, सुमारे ८४ मीटर लांबीचं नौदलाचं जहाज. ३० डिसेंबर १९८५ ला ते सेवेत आलं. थेट किनाऱ्याला नाक लावायचं, पुढचा दरवाजा उघडून रणगाडे आणि सैनिक वाळूवर उतरवायचे, हे त्याचं काम. १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरला ते निवृत्त झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारला महामंडळाच्या ताब्यात आलं. निवती रॉकजवळ ते तळाला बसवायचं, त्यावर कृत्रिम प्रवाळभित्ती होऊ द्यायची आणि ज्यांना डाइव्ह जमत नाही त्यांना पाणबुडीतून दाखवायचं, असा बेत आहे. केंद्राने त्यासाठी सुमारे ४७ कोटी मंजूर केले.

मराठी माणसाला बुडालेलं जहाज म्हटलं की ‘रामदास’ आठवते. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. ९ डिसेंबर १९७१ ला दीवसमोर बुडालेली आयएनएस खुकरी १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांसह तळाला गेली. ती जागा समाधीच मानायची. गुलदारवर असं कोणाचं ओझं नाही, म्हणून त्याच्या खोलीखोलीतून मासे आणि पर्यटक दोघांनीही हिंडायला हरकत नाही.

देशाबाहेर हे प्रयोग जुने आहेत. अमेरिकेने मे २००६ मध्ये फ्लोरिडाजवळ ओरिस्कानी ही आख्खी विमानवाहू नौका बुडवली आणि तिथे डाइव्हर लोटले. पण त्याच फ्लोरिडात १९७० च्या दशकात मासे वाढतील म्हणून सुमारे वीस लाख जुने टायर समुद्रात टाकले होते. बांधलेले दोर आणि पट्ट्या तुटल्या, टायर सुटले आणि लाटांबरोबर लोळत शेजारच्या जिवंत प्रवाळांवर आपटू लागले. ते काढण्यात पुढची कित्येक वर्षं गेली. सिएटचा कारखाना असलेल्या सातपूरला टायर किती चिवट असतो हे सांगायला नको.

जहाजाचं तसं होत नाही, पण तयारी नीट हवी. टाक्यांमधलं तेल, वायरिंग, जुना रंग, असलं नसलं सगळं काढायचं, आत शिरलेला डाइव्हर अडकू नये म्हणून भोकं कापायची. मग शेवाळ, शिंपले येतील, मागोमाग मासे. ते मासे नव्याने वाढतात की आजूबाजूचेच तिथे गोळा होतात, यावर शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. मच्छीमाराला तर जाळं अडकायची धास्ती. गुलदारमुळे किल्ल्याजवळच्या प्रवाळांवरची गर्दी हटली, तर ते ४७ कोटी वाया गेले असं कोणी म्हणू नये. गर्दी दुप्पट होऊन दोन्हीकडे वाटली गेली, तर मात्र हिशेब उलटा.

अर्ध्या तासाच्या स्कुबावाल्याला गुलदारच्या पोटात शिरता येणार नाही. पर्यटकांना मालवणला पाच-सहा मीटरवर, गाइडचा हात धरून नेतात. एवढं मोठं जहाज होड्यांच्या वाटेत येऊ नये म्हणून खोल पाण्यातच बसवावं लागतं आणि तिथवर गाइडचा हात न धरता जायला प्रमाणपत्र लागतं. ओपन वॉटरचा कोर्स केला की अठरा मीटरपर्यंत मुभा मिळते. त्याला दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं जमावं लागतं. तेवढ्यासाठी मालवण गाठायची गरज नाही. त्र्यंबक रोडवर महापालिकेचा सावरकर तलाव आहे, फर्स्ट शिफ्टवाल्यांनी संध्याकाळची बॅच बघावी.