एकोणीस सत्ते किती?

असं विचारलं की मूल एकोणिसाचा पाढा पहिल्यापासून पुटपुटू लागतं. त्यापेक्षा वीस सत्ते एकशेचाळीस, त्यातून सात वजा, १३३. ही वाट किती सोपी! पाचाने गुणायचं तर दहापट करून निम्मं करावं: ४८ चे ४८०, त्याचे निम्मे २४०. २५ गुणिले १६? एक संख्या दुप्पट, दुसरी निम्मी करत जा: ५० गुणिले ८, १०० गुणिले ४, झाले ४००. पूर्वी पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे, अगदी औटकीसुद्धा (साडेतीनाचा पाढा!) घोकून घेत. पाठांतराला आमचा विरोध नाही. दहापर्यंतचे पाढे तोंडपाठ हवेतच. पुढच्या युक्त्या मात्र मुलांना स्वतः शोधू द्या. मुलं घरी गणितं सोडवताना, पालकहो, उत्तर बरोबर आलं तरी ‘कसं काढलंस?’ हे जरूर विचारा.