कर्ज फेडताना घर उपाशी ठेवू नका

या आठवड्याच्या व्हिडिओत कार्डाच्या व्याजाचा हिशोब दाखवला, पण जे खरं बोलायचं होतं ते कॅमेऱ्यासमोर काही जमलं नाही. म्हणून इथं लिहितोय. जरा मोठं आहे, दुकानात गर्दी नसताना वाचा.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. "आधी कर्ज फेडा, मग जगा" हा सल्ला आपल्यासारख्या छोट्या दुकानदाराला लागू पडत नाही. नोकरी करणारा माणूस दोन दिवस तापाने झोपला तरी महिन्याचा पगार खात्यात येतो. आपण झोपलो की शटर खाली. म्हणजे कर्ज फेडणारं मशीन आपणच आहोत, आणि त्या मशीनचं तेलपाणी बंद करून हप्ते भरायला गेलो की काय होतं ते मी करून बघितलंय.

तुम्हाला माहीत आहे, माझं दुकान सांगलीत आहे, स्टेशनरी आणि गिफ्टचं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा पेठेत काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. शाळेचा सीझन संपत आला होता, तरी वह्या, फाइली, प्रोजेक्ट पेपर असा बराच माल शिल्लक होता. भांडी भिजली तर धुऊन विकता येतात. वही भिजली की लगदा. पाणी उतरल्यावर आम्ही तो माल फावड्याने बाहेर काढला. पुन्हा माल भरायला कर्ज काढलं, जरा उभे राहतोय तोवर मार्च २०२० चा लॉकडाऊन आला. शाळाच बंद, तर वह्या कोण घेणार?

२०२२ च्या मार्चमध्ये मी एकदा वहीत सगळं लिहून काढलं. पर्सनल लोन ४,५०,०००. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १,६०,०००. पतसंस्थेत बायकोचं सोनं तारण ठेवून घेतलेले १,८०,०००. आणि दाजींकडून हातउसने १,५०,०००. एकूण ९,४०,०००. बीबीए करताना कॅश फ्लोच्या पेपरात मला चांगले मार्क पडले होते, हे आठवून त्या दिवशी स्वतःचंच हसू आलं.

मग डोक्यात एक भूत शिरलं. यूट्यूबवर बघून बघून ठरवलं की आता कडक राहायचं. वर्षभर कळ काढायची. दुधाचा रतीब एक लिटरचा अर्धा लिटर केला. मुलीचा पोहण्याचा क्लास बंद. दुकानातल्या पोऱ्याला "काही महिने थांब" म्हणून घरी पाठवलं. सकाळी आठ ते रात्री साडेदहा, सातही दिवस मी एकटा. आणि सगळ्यात शहाणपणाचं काम म्हणजे मेडिक्लेमचा १६,००० चा हप्ता भरला नाही. "आपल्याला काय होतंय" असं म्हणालो. नेहमीच्या हप्त्यांशिवाय महिन्याला १२,००० जास्तीचे कार्डावर भरत होतो, म्हणजे कार्डावर महिन्याला २०,०००. स्वतःवर फार खूश होतो मी.

आठ महिने चाललं हे. पहिले तीन महिने जोश होता. मग अंगावर यायला लागलं. रात्री अकराला जेवायचं, दोनपर्यंत झोप नाही, सकाळी ॲसिडिटीची गोळी. गिऱ्हाईकावर खेकसायला लागलो. शाळेच्या ऑर्डरमध्ये दुरेघीच्या ऐवजी चौरेघी वह्या मागवल्या आणि त्या परत कोणी घेईना. ही चूक मी आधी कधी केली नव्हती. घरात बोलणं म्हणजे फक्त "हे कशाला आणलं" एवढंच.

आणि दिवाळीच्या आदल्या शनिवारी काय केलं, तर ४२,००० चा टीव्ही हप्त्यावर आणला. कोणी मागितला नव्हता. बायको म्हणत होती नको. पण आठ महिने सगळ्याला नाही म्हणून म्हणून माझंच डोकं फिरलं होतं. उपवास फार कडक केला की सोडताना माणूस किती खातो बघा, तसंच.

नोव्हेंबरमध्ये बायकोच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयातले खडे. ऑपरेशन झालं, देवाच्या दयेने सगळं नीट झालं, पण बिल ६८,०००. मेडिक्लेम मी बंद पाडलेला. मग कार्ड.

आता हिशोब बघा. मार्चमध्ये कार्डांवर १,६०,००० होते. आठ महिने मिळून मी त्यावर १,६०,००० भरले. व्याज आणि त्यावरचा जीएसटी जाऊन बाकी ३६,००० च्या आसपास आली होती. त्यात ऑपरेशन आणि टीव्ही मिळवला की १,४६,०००. आठ महिने अर्ध्या लिटर दुधावर राहून कर्ज कमी झालं चौदा हजारांनी. आणि मेडिक्लेम नव्याने काढला तेव्हा वेटिंग पिरियड पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, ते वेगळंच.

तुम्ही म्हणाल ऑपरेशन हे नशीब, त्यात प्लॅनची काय चूक? बरोबर आहे, खडे माझ्या बजेटमुळे झाले नाहीत. पण ते बिल पूर्ण माझ्या अंगावर आलं ते माझ्या बजेटमुळेच. आणि टीव्ही तर शंभर टक्के त्या प्लॅनचीच देणगी.

जानेवारी २०२३ मध्ये मी उलट बाजूने सुरुवात केली. आधी विचारलं, पुढची तीन वर्षं मी न चिडता, न आजारी पडता दुकानात उभा राहायचा असेन तर काय काय लागेल? ते आधी लिहिलं. मेडिक्लेम. दूध पूर्ववत. पोऱ्या परत. आठवड्यातून अर्धा दिवस सुट्टी. मुलीचा क्लास. हे सगळं "खर्च" या रकान्यात नाही टाकलं, दुकानाच्या मेंटेनन्समध्ये टाकलं. उरलं त्यातून कर्ज. जास्तीचे १२,००० भरत होतो, त्याचे ८,००० झाले. कमी झाले, हो. पण हे ८,००० एकही महिना चुकले नाहीत.

पोऱ्याच्या पगाराचं गणित माझ्या बॅचमध्ये लोकांना पटत नाही, म्हणून सांगतो. त्याला परत घेतल्यावर मला दुपारी बाहेर पडता आलं. आसपासच्या क्लासेस आणि ऑफिसांत जाऊन महिन्याच्या ऑर्डरी आणल्या. आठव्या-नवव्या आठवड्यात त्याचा पगार त्यातूनच सुटायला लागला. गल्ल्यावर चिकटून बसलो असतो तर त्या ऑर्डरी चालत दुकानात आल्या नसत्या.

रात्रीच्या वेळेचंही तसंच. बिलिंग सॉफ्टवेअरमधून नऊनंतरची विक्री काढून बघितली. महिन्याला सात हजार. त्यात नफा हजार-बाराशे, आणि त्यातूनच त्या दीड तासाचं लाईटबिल. एवढ्यासाठी मी रोज घरचं जेवण आणि झोप घालवत होतो! तुमच्या दुकानाचा आकडा वेगळा असेल, मेडिकल किंवा आइस्क्रीमवाल्याचं तर उलटच असेल, पण एकदा काढून बघा. आता मी नऊला शटर ओढतो. सोमवारी दुपारी दोनला. सोमवारी संध्याकाळी आम्ही तिघं घाटावर जातो, भडंग खातो, परत येतो. पन्नास-साठ रुपयांत होतं. लाइफस्टाइल म्हणजे काही परदेशवारी नव्हे हो.

गल्ल्याची सवय मात्र मोडावी लागली. गल्ल्यातून भाजी, गल्ल्यातून पेट्रोल, गल्ल्यातून पाहुण्याला चहा, आणि महिनाअखेरीला "पैसे गेले कुठं?" आता एक तारखेला मी स्वतःला पगार ट्रान्स्फर करतो, २८,०००. घर त्यात चालतं. संपले तर संपले. पहिल्या महिन्यात एकवीस तारखेलाच संपले होते, बायकोने मला छान ऐकवलं.

कार्डाबद्दल एकच सांगतो. १,६०,००० वर महिना साडेतीन टक्के म्हणजे ५,६०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी १,००८. तुम्ही "मिनिमम ड्यू" म्हणून ८,००० भरता तेव्हा मुद्दल फक्त १,३९२ ने कमी होतं. वर्षानुवर्षं भरत राहिलात तरी ते तिथंच दिसेल. मी बँकेशी बोलून सगळी बाकी २४ हप्त्यांवर करून घेतली, व्याज निम्म्यावर आलं, आणि दोन्ही कार्डं कात्रीने कापली. व्याजाच्या दराने बघितलं तर कार्ड पहिलं, यात मला दुसरं मत नाही.

पण दाजींच्या पैशाबाबत मी गणिताच्या विरुद्ध गेलो, आणि इथं बरेच सीए लोक माझ्याशी भांडतील. त्या दीड लाखावर व्याज शून्य होतं. शास्त्राप्रमाणे ते सगळ्यात शेवटी फेडायचं. पण त्या पैशापायी मी दोन वर्षं भाऊबीजेला ताईकडे गेलो नव्हतो. एकदा "सीझन आहे" म्हणालो, एकदा ताप आला म्हणालो. दाजींनी एकदाही मागितले नाहीत, तेच जास्त टोचायचं. ताईचा फोन आला की मी गिऱ्हाईक आहे म्हणून ठेवून द्यायचो. बँकेच्या व्याजाचा आकडा स्टेटमेंटवर दिसतो, हे व्याज कुठं लिहिणार?

म्हणून ८,००० मधले ५,००० दर पाच तारखेला दाजींना. पहिल्या महिन्यात फोन करून सांगितलं, "दाजी, एकदम नाही जमणार, तीस महिने लागतील." ते म्हणाले, "अरे, माझं काही अडलं नाही." मी म्हणालो, "माझं अडलंय." त्या वर्षी भाऊबीजेला गेलो. उरलेले ३,००० वेगळ्या खात्यात जातात, त्या खात्याला आमच्या घरात "पाणी आलं तर" असं नाव आहे.

आता एक प्रामाणिक गोष्ट. मागच्या बॅचमध्ये जयसिंगपूरचे एक किराणावाले दादा उभे राहिले आणि म्हणाले, "सर, महिन्याला वीस हजार सुटतात, अठरा हजार हप्ते आहेत. मी कसला मेडिक्लेम काढू?" बरोबर बोलले ते. तिथं काटकसरीचाही उपयोग नाही आणि माझ्या घाटावरच्या भडंगाचाही नाही. हप्ताच लहान करायला हवा. बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा, आणि हप्ता चुकायच्या आधी जा, चुकल्यावर नाही. गावाकडे दोन गुंठे नुसते पडून असतील तर विका. दारातली दुसरी गाडी विका. सोन्याचं म्हणाल तर वर्षानुवर्षं तारणाचं व्याज भरण्यापेक्षा थोडं विकून मोकळं होणं अनेकदा स्वस्त पडतं, पण सोनं बायकोचं असेल तर निर्णयही तिचाच. आमच्या घरी तिने नको म्हटलं, मी सोडवून आणलं. मुदत वाढली की एकूण व्याज जास्त जातं, हे खरं आहे. तरी श्वास घ्यायला जागा मिळते, आणि त्या जागेत धंदा वाढवता येतो.

"सेटलमेंट करून टाका, निम्म्यात सुटाल" असं सांगणाऱ्यांपासून जरा जपून. क्रेडिट रिपोर्टवर "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि पुढच्या कर्जाला तो आडवा येतो. अगदीच नाइलाज असेल तरच. आपला रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून बघा. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही. रात्री दहाला धमकावत असतील तर वेळ आणि नंबर लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा. आणि बिनपरवाना सावकाराने पैशाच्या बदल्यात जागा लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात त्यासाठी तरतूद आहे.

कोणाला रात्र रात्र झोप नसेल, नको ते विचार येत असतील, तर घरातल्या एका माणसाला आकडा सांगा, खरा आकडा. आणि १४४१६ वर फोन करा, टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी बायकोला साडेनऊ लाखांचा आकडा सांगायला सात महिने घेतले. ती म्हणाली, "मला वाटलं वीस असतील."

दाजींचे पैसे जून २०२५ मध्ये फिटले. कार्ड त्याआधीच. सोनं घरी आलंय. पर्सनल लोनचे काही हप्ते अजून बाकी आहेत, ते त्यांच्या वेळेने संपतील, घाई करत नाही. टीव्ही अजून भिंतीवर आहे. तो बघितला की मला दर वेळी ४२,००० दिसतात, मुलीला कार्टून दिसतं.

पगार, हप्ते आणि "पाणी आलं तर" हे तीन रकाने कसे आखायचे ते पुढच्या व्हिडिओत वहीवर दाखवतो, शीट वगैरे नको, साधी दोनशेपानी वही घेऊन बसा. तुमच्या घरी बंद केलेली, पण परत सुरू करायला हवी अशी एक गोष्ट कोणती, ते मला लिहून पाठवा. फक्त सोमवारी दुपारी फोन करू नका, उचलत नाही.