कळंबची मुले आणि लातूरची वाट

दहावीचा निकाल लागला की कळंबच्या बसस्थानकावर दरवर्षी तेच दृश्य दिसते. हाती पुस्तकांची पिशवी, शेजारी गादीची वळकटी आणि निरोप द्यायला आलेले आईबाप. मुलगा लातूरला निघालेला असतो, 'नीट'च्या नाहीतर 'सीईटी'च्या तयारीसाठी. सोयाबीनच्या एका पिकावर वर्षाचा मेळ घालणाऱ्या बापापुढे शिकवणी वर्गाची फी, खोलीचे भाडे आणि खानावळीचा महिना यांची बेरीज उभी राहते. ज्यांना ती पेलते त्यांची मुले जातात. ज्यांना पेलत नाही त्यांची मुले, आणि पुष्कळदा मुली, मागे राहतात. आणि आपली संधी बसबरोबरच गेली, अशा समजुतीने पुस्तक उघडतात. या समजुतीचा समाचार घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

लातूरचा लौकिक खोटा नव्हे. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्यासारख्यांच्या परिश्रमांतून जी पद्धत उभी राहिली, तिचे मर्म त्या गावच्या हवापाण्यात नव्हते. (पाण्याचे म्हणाल, तर २०१६ साली ते मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते!) नेमाने शिकविणे, वारंवार चाचण्या घेणे आणि तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्यापुढे ठेवून त्याची चूक त्याला दाखविणे, एवढेच ते मर्म. हे महाविद्यालयीन शिक्षकाचे काम होते. पुढे ते शिकवणी वर्गांच्या हाती गेले आणि त्याला बाजारभाव आला.

आमच्याकडे अभ्यास म्हणजे वाचन, आणि अधिक अभ्यास म्हणजे तेच पुन्हा वाचणे, असा समज रूढ आहे. रोडिगर व कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत उद्बोधक आहे. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन:पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. वाचताना सारे येते असे वाटते, आणि परीक्षेच्या दालनात ते येत नाही, याचे कारण येथे आहे. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहावे आणि मग पुस्तक उघडून ताडून पाहावे, याला फी पडत नाही.

परीक्षेचे गणितही मुलांना कोणी नीट समजावून देत नाही. 'नीट'मध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक गुण वजा. या वजाबाकीची धास्ती घेऊन कित्येक मुले अर्धवट येणारा प्रश्न सोडून देतात. चाळीस प्रश्नांची उत्तरे निव्वळ अंदाजाने दिली, तर सरासरीने दहा बरोबर येतील. चाळीस मिळतील, तीस जातील, दहा उरतील. परंतु त्याच चाळीस प्रश्नांत चारांपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर हाती साठ उरतात. अर्धवट ज्ञानाची किंमत एवढी मोठी आहे! मग खरी टंचाई गुणांची नसून वेळेची ठरते. २०२५ साली १८० प्रश्नांना १८० मिनिटे होती आणि त्यांतील ९० प्रश्न जीवशास्त्राचे होते. ते झरझर सोडवील त्यालाच भौतिकशास्त्राची आकडेमोड करायला उसंत मिळते, आणि हा हात घड्याळ लावून केलेल्या सरावाखेरीज बसत नाही.

राज्य मंडळाची पुस्तके वाचणाऱ्या मुलाने 'नीट'साठी एनसीईआरटीची पुस्तकेही ओळीओळीने वाचली पाहिजेत. 'सीईटी'त २०२५ पर्यंत अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे वीस टक्के भार होता, आणि अकरावीचे वर्ष तर आमच्याकडे विश्रांतीचे मानतात! जागांचे म्हणाल, तर वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० हे प्रादेशिक सूत्र २०२० साली रद्द झाले आणि २०२२ साली जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दार पूर्वीपेक्षा रुंद झाले आहे.

मग कळंबने करावे काय? सायंकाळी रिकाम्या पडणाऱ्या शाळांतील दोन खोल्या दिवे लावून अभ्यासिका म्हणून उघड्या ठेवाव्यात. मुलींसाठी वेगळी सोय आणि घरी पोहोचविण्याची हमी असावी. दर रविवारी घड्याळ लावून एक सराव परीक्षा व्हावी. गावात मोहेकर महाविद्यालयासारखी संस्था आहे, निवृत्त शिक्षक आहेत, याच परीक्षा देऊन डॉक्टर व अभियंते झालेली माणसे सणावाराला गावी येतात. त्यांनी सत्काराचा नारळ घेण्याऐवजी सोमवारी दोन तास बसून आदल्या दिवशीच्या चुका मुलांना समजावून द्याव्यात. खर्च विजेचा, छपाईचा आणि चहाचा. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून एखाद्या मंडळाने तो उचलला, तर दिवाळीपूर्वी पहिल्या दहा परीक्षा सहज पार पडतील.