विश्वेश्वरय्यांना हार घालून झाला असेल तर जरा नकाशा बघा!

१५ सप्टेंबर आला की आपल्या धुळ्यात एक पोस्ट हमखास फिरते. 'धुळे शहराची रचना सर विश्वेश्वरय्यांनी केली.' फोटो, हार, जय खान्देश!

भाऊ, जरा हिशोब तर करा. नंबरवाल्या सरळ गल्ल्यांचं नवं धुळे कॅप्टन ब्रिग्जने १८१९ च्या सुमारास आखलं. विश्वेश्वरय्या जन्मले ते त्यानंतर चाळीस वर्षांनी!

मग ते आपले नाहीत का? आहेत ना. १८८४ मध्ये सरकारी नोकरीला लागले आणि सुरुवातीलाच खान्देशात आले. पांझरेवर दातर्तीला पाइपचा सायफन बांधायचं काम मिळालं. वय पंचविशीच्या आतलं, पावसाळ्याचे दिवस आणि जागा वाळूने भरून जाणारी. अडचणी वरिष्ठांना सांगितल्या आणि काम पुरंही करून दाखवलं. ही खरी गोष्ट मात्र कोणी शेअर करत नाही.

आणि प्रेरणाच हवी तर फड पद्धत बघा. पांझरेवरच्या बंधाऱ्यांतून शेकडो वर्षं पाणी वाटलं गेलं. एका फडात एकच पीक, पाटकरी पाणी सोडणार, वरच्याला मिळेल तसं पाळीने खालच्यालाही. कमी पाणी भांडण न होता कसं वाटायचं, हे आपल्या आज्या-पणज्यांना कळत होतं. नगररचना म्हणजे दुसरं काय हो? जागा कमी, माणसं जास्त. कोणाला काय आणि किती, ते आधी ठरवायचं.

आज काय चाललंय? जळगाव आणि धुळे, दोन्ही २००३ साली महानगरपालिका झाल्या. पण आधी प्लॉट विकले जातात, मग घरं उठतात, मग वर्षानुवर्षं रस्ता आणि गटारीसाठी अर्ज. नाला बुजवायचा आणि पाणी घरात शिरलं की पावसाला शिव्या द्यायच्या.

१९६६ च्या नगररचना कायद्यात विकास आराखड्यावर हरकत घ्यायचा हक्क आपल्याला दिलाय. किती जणांनी घेतली? त्याच कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देतो आणि पुढच्या मुदतीतही हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होतं. पोरांचं मैदान असं कागदावरच मरतं. आपल्याला कळतं तेव्हा तिथे कॉम्प्लेक्स उभं असतं.

हे वाचू शकणारी आपली माणसं किती? पोरगं हुशार निघालं की डॉक्टर, नाहीतर सिव्हिल इंजिनिअर, नाहीतर क्लास लावून एमपीएससी. त्याच एमपीएससीतून सहायक नगररचनाकाराची भरती होते आणि पुण्याच्या सीओईपीमध्ये नियोजनाची पदवी मिळते, हे किती घरांत माहीत आहे? बाहेरचा माणूस हुशार असेलही. पण कोणत्या नाल्याला कधी पूर येतो, बाजाराच्या दिवशी गाडी कुठे अडते, हे इथे वाढलेल्या पोरीला जास्त कळणार.

म्हणून शाळांना आणि पालकांना एवढंच सांगणं आहे. यंदा १५ सप्टेंबरला भाषण नको. नववी-दहावीची पोरं घ्या, विकास आराखड्याचा नकाशा घ्या आणि आपल्या वॉर्डात पायी फिरा. नकाशातलं मैदान जागेवर सापडतंय का, ते पोरांनाच शोधू द्या.

सापडलं नाही, तर त्यातली एखादी पोर नगररचनाकार व्हायचं तिथेच ठरवेल.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आधी नकाशा बघून या.