मुलगी धावून पुढे काय करणार?

मुलगा पहाटे उठून तालमीत जाऊ लागला म्हणजे घरातील वडील मंडळी कौतुकाने त्याच्यासाठी दूध तापवून ठेवतात. मुलगी त्याच वेळी धावावयास निघाली, की मात्र “याचा पुढे उपयोग काय?” असा प्रश्न माजघरातून व ओसरीवरून एकदमच निघतो. हा प्रश्न अगदीच टाकाऊ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. उमेदीची वर्षे ज्या गोष्टीत खर्चावयाची, तिचा हिशेब विचारण्याचा वडिलांना अधिकार आहे. परंतु त्याचे उत्तर नुसत्या तर्काने देण्यापेक्षा आमच्या नाशिक जिल्ह्यातील एका उदाहरणावरून द्यावे, हे बरे.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाडा या आदिवासी वस्तीत कविता राऊत यांचा जन्म १९८५ साली झाला. धावण्यास पायांत जोडाही लागत नाही, म्हणून आपण हा खेळ धरला, असे त्यांनीच सांगितले आहे. पुढे नाशिकचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली त्या तयार झाल्या आणि ‘सावरपाडा एक्सप्रेस’ या नावाने लोक त्यांना ओळखू लागले.

२०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत १०,००० मीटरच्या शर्यतीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. या स्पर्धांत धावण्याचे वैयक्तिक पदक भारतीय स्त्रीच्या हाती प्रथमच आले. त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई स्पर्धा झाल्या. तेथे त्यांना १०,००० मीटरमध्ये रौप्य व ५,००० मीटरमध्ये कांस्य, अशी दोन पदके लाभली. यांपैकी रौप्यपदकाची हकीकत मनन करण्याजोगी आहे. ४०० मीटरच्या मार्गाला २५ फेरे घालून केरळच्या प्रीजा श्रीधरन ३१ मिनिटे ५०.४७ सेकंदांत पोचल्या. कविता राऊत ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत. सुवर्ण व रौप्य यांत पुरता एक सेकंदही नाही! परीक्षेत एका गुणाने वर्ग हुकलेल्या मुलाची आपण समजूत घालतो. मग या एका सेकंदामागील वर्षांच्या पहाटांचे मोल आपणांस का कळू नये?

२०१२ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीत नोकरीही त्यांनी केली. परंतु या कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत मॅरेथॉन जिंकून त्या रिओच्या ऑलिंपिकला पात्र ठरल्या; तेथे मात्र त्यांचा क्रमांक १२० वा लागला. मोठ्या पदकांचे वर्ष पंचविसाव्या वर्षी आले आणि ऑलिंपिक एकतिसाव्या वर्षी. वकिलाचा किंवा वैद्याचा धंदा ज्या वयात नुकता बसू लागतो, त्या वयात धावपटूचा उत्कर्षकाळ सरत आलेला असतो.

म्हणून आमचे सांगणे दोन्ही पक्षांस आहे. मुलींनी धावण्याबरोबर शिक्षण सोडू नये. शर्यती थांबल्यावरही आयुष्य पुष्कळ उरते. वडिलांनी पदकाचे वचन मागून परवानगी देऊ नये. सकाळचा एक तास घरकामातून मोकळा, पोटभर सकस अन्न, चांगले जोडे आणि जाणता शिक्षक, एवढे दिले म्हणजे त्यांचे कर्तव्य झाले. सावरपाड्याच्या मुलीला यांतील पुष्कळसे सहज मिळाले नाही. आमच्या वाचकांच्या घरी ते सारे आहे. अडते ते केवळ “जा” म्हणण्यापाशी. तो शब्द या महिन्यात एखाद्या घरात जरी उच्चारला गेला, तरी हे लिहिल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.