मोडक्या खेळण्यांची शकुंतला

मूर्तिजापूर-अचलपूर लाईनवरच्या आमच्या शकुंतलेचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ला गेलं, डिझेल आलं. रूळ मात्र तेच, अडीच फुटी!

परवा नातवासोबत त्या डिझेलचं मॉडेल करायला घेतलं. मोडक्या खेळण्यांतली मोटर नि चाकं, औषधाच्या खोक्याचं बॉनेट, काडेपेटीची केबिन... चाकं खोक्याला घासायला लागली. सांगाडा दोनदा कापला.

"आबा, नवीनच मागवू ना!"

मी नाही म्हटलं. विकत आणलेली वस्तू आपली होते, पण जुळवलेली वस्तू समजते. शेवटी चाकं का अडतात, ते त्यानंच शोधलं.

जन्मभर मी फळ्यावर आकृत्या काढल्या. मुलांच्या हाती मोडकं सामान कधी दिलं नाही, ही खंत आता वाटते. तुम्ही तरी मोडकी खेळणी भंगारात देऊ नका.